लहान शिकारीसाठी पहिली बंदूक: निवड कोणत्या क्रमाने करायची

"पहिली बंदूक कोणती घेऊ?" असं विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी बंदूक मनात आधीच ठरवलेली असते. त्यांना फक्त मान डोलावणारा कोणीतरी हवा असतो. मी मान न डोलावता तीन प्रश्न विचारतो. मारायचं काय? किती अंतरावरून? आणि नेम चुकला तर गोळी जाऊन थांबणार कुठे? या तिन्हींची उत्तरं आली की बंदुकीचा प्रकार जवळपास आपोआप ठरतो. मग उरतं ती अंगाला बसते का हे बघणं. लोक मात्र हे सगळं उलट्या क्रमाने करतात. आधी बंदूक घेतात, मग तिच्याजोगं सावज शोधतात, आणि दोन हंगामांनी ती विकायला काढतात.

म्हणून खालचे टप्पे क्रमानेच घ्या. चौथ्या टप्प्यावर अडकलात तर बहुधा दुसऱ्यात काहीतरी राहून गेलेलं असतं.

## टप्पा १: आधी कागद

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेची शिकार बंद आहे, तेव्हा इथे परवान्याची वाट शोधण्यात अर्थ नाही. हा लेख परवान्यावर ससे, खारी, कबुतरं, बदकं यांची शिकार चालते अशा देशांत राहणाऱ्यांसाठी आहे. तिथेही बंदुकीचा परवाना वेगळा, शिकारीचा वेगळा, आणि जमीनमालकाची परवानगी तिसरी.

पण कागद आधी का, याचं कारण निराळं आहे. नियम तुमची निवडच बदलून टाकतात. कोणत्या सावजाला कोणतं हत्यार चालतं हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत एकावेळी तीनच काडतुसं मावतील अशी अडण बसवावी लागते. तिथे बदकांवर शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद आहेत, आणि युरोपीय संघात पाणथळ जागांवर फेब्रुवारी २०२३ पासून. बदकं हा तुमचा बेत असेल तर पोलादी छर्रे वापरावे लागणार, आणि ते जुन्या, पातळ नळीच्या बंदुकीला झेपत नाहीत. म्हणजे आजोबांची सुंदर दुनळी या एका नियमापायी बाद होऊ शकते. हे बंदूक घेण्याआधी कळलेलं बरं.

तपासा: एका कागदावर चार ओळी लिहा: सावज, त्यासाठी चालणारं हत्यार, चालणारे छर्रे किंवा गोळी, आणि घरी ठेवण्याची अट (कुलूपबंद कपाट, काडतुसं वेगळी). एकही ओळ रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: सावज, अंतर आणि मागची माती

लहान शिकारीत सावज दोनच प्रकारचं असतं: हलणारं आणि बसलेलं.

उडणारा तितर, झेपावणारं बदक, झुडपातून सुटलेला ससा यांच्यासाठी छऱ्यांची बंदूक लागते, म्हणजे शॉटगन. दोनशे-अडीचशे छर्रे एकदम सुटून पसरतात, म्हणून हलत्या सावजावर नेम साधतो. तिचा भरवशाचा पल्ला ३०-३५ मीटर. चांगल्या हातात चाळीस, पण तुमचा हात अजून चांगला नाही, हे पहिल्या वर्षी गृहीत धरा.

संध्याकाळी बांधाच्या कडेला चरणारा ससा किंवा फांदीवर बसलेली खार यांच्यासाठी रायफल किंवा एअर रायफल. इथे एकच गोळी असते आणि ती डोक्यात, म्हणजे तीन-चार सेंटिमीटरच्या जागेत बसावी लागते.

आता तिसरा प्रश्न. नवशिके तो विचारतच नाहीत. पॉइंट टू-टू (.२२) लाँग रायफल या काडतुसाची गोळी दिसायला शेंगदाण्याएवढी असते, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. पण नळी वर उचलून मारली तर ती दोन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. शॉटगनचा सहा नंबरचा (पावणेतीन मिमीच्या आसपासचा) छर्रा मात्र सव्वादोनशे मीटरच्या आसपास जमिनीवर येतो. या एका फरकावर तुमच्या जमिनीसाठी काय योग्य ते ठरतं. जमीन सपाट असेल, आजूबाजूला घरं, रस्ता, गुरं असतील, तर रायफलच्या गोळीला मागून अडवणारी माती हवी. ती नसेल तर रायफल घेऊ नका.

सावधान: फांदीवरच्या सावजावर खालून रायफल चालवायची तर गोळीमागे खोड किंवा जाड फांदी हवी. मागे नुसतं आकाश दिसत असेल तर चाप दाबायचा नाही. आणि पॉइंट टू-टूची गोळी पाणी, खडक, गोठलेली जमीन यांवरून सहज उसळते. माझ्यासमोर एकाने ओढ्यापलीकडच्या दरडीवर नेम धरला होता. गोळी पाण्याला चाटून गेली आणि एक लांब शीळ ऐकू आली. ती कुठे जाऊन पडली ते आम्हाला आजतागायत माहीत नाही.

## टप्पा ३: तीन घराण्यांतून एक

शॉटगन. पक्षी किंवा पळणारे ससे असतील तर हीच. सगळ्यांत कमी पल्ला, सगळ्यांत जास्त उपयोग. दोन्ही प्रकारचं सावज मारायचं आहे आणि निर्णय होत नाही, असं असेल तर पहिली बंदूक म्हणून मी शॉटगनच सुचवेन. बसलेला ससा तिने मारता येतो. उडतं बदक रायफलने मारता येत नाही, आणि मारू पण नये.

पॉइंट टू-टू रायफल. बसलेल्या सावजासाठी. धक्का जवळपास नाही, काडतूस स्वस्त, त्यामुळे सराव भरपूर होतो. नेमबाजीच्या सवयी याच बंदुकीवर घडतात. पल्ला ५० मीटर, सराव पक्का झाल्यावर सत्तर-पंचाहत्तर.

दुकानात .१७ एचएमआर किंवा .२२ मॅग्नम या काडतुसांच्या रायफली पण दाखवतील. दोन्ही उत्तम, दोन्ही दूर मारतात, आणि दोन्हींचं काडतूस महाग. पहिल्या बंदुकीत महाग काडतूस म्हणजे कमी सराव. शंभर मीटरवर सपाट जाणारी गोळी तुम्हाला कशाला, जेव्हा पन्नासवर डबीच्या झाकणात पाच गोळ्या बसत नाहीत?

एअर रायफल. जमीन लहान असेल, आवाज नको असेल, खळ्याभोवतीची कबुतरं किंवा बागेतले ससे असतील तर. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याविना मिळणाऱ्या एअर रायफलला १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६ जूलची मर्यादा आहे. एवढ्या ताकदीवर ३० मीटरपर्यंत स्वच्छ शिकार होते, पस्तीस ही शेवटची हद्द.

एअर रायफलच्या खोक्यावरचा वेग बघून भुलू नका. तो आकडा बहुतेकदा फारच हलकी गोळी घालून काढलेला असतो. शिकारीच्या वजनाची गोळी तेवढी धावत नाही, आणि धावलीच तर आवाजाच्या वेगाजवळ ती डळमळायला लागते. स्प्रिंगच्या रायफलला आणखी एक खोड आहे. तिचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी बसतो. घट्ट आवळून धरली तर नेम भरकटतो. पुढचा हात तिला नुसता तळहातावर तोलायचा असतो. भरलेल्या हवेची रायफल या बाबतीत सोपी, पण तिच्यात दोनशे बारच्या आसपास हवा भरायला पंप किंवा सिलिंडर लागतो, तो खर्च धरूनच तुलना करा.

सावधान: नळी मोडून भरायच्या स्प्रिंग रायफलमध्ये गोळी बसवताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा. चाप चुकून सुटला तर नळी झटकन मिटते आणि बोट मध्ये सापडतं. आणि रिकामी कधी उडवू नका, दट्ट्या आतल्या आत आदळून खराब होतो.

## टप्पा ४: बोअर आणि यंत्रणा

बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. बारा बोअरची नळी साधारण १८.५ मिमी, वीस बोअरची १५.६. बारामध्ये २८ ते ३२ ग्रॅम छर्रे सहज मावतात, वीसमध्ये २४ ते २८. सडपातळ अंगाच्या माणसाला, किंवा दिवसभर चालत शिकार करणाऱ्याला वीस बोअर पुरते. बारा घेणार असाल तर ती हलक्या काडतुसांवर चालवा. बाराचा मोठा फायदा असा की तिची काडतुसं सगळीकडे आणि सगळ्या भारांची मिळतात.

मुलाला किंवा नवख्याला "हलकी म्हणून" ४१० बोअर देतात ती चूक. धक्का कमी हे खरं. पण तिच्यात छर्रे इतके थोडे असतात की नेम अगदी काटेकोर लागतो. ती हात बसलेल्या माणसाची बंदूक आहे. नवशिका चार दिवस हुकवतो आणि मग शिकारच नको म्हणतो.

सावधान: घरात बारा आणि वीस बोअर दोन्ही असतील तर काडतुसं एकाच खिशात, एकाच पिशवीत कधीही नको. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) घरंगळून नळीत पुढे जाऊन अडकतं. बंदूक रिकामी वाटते, माणूस मागून बाराचं काडतूस घालतो, आणि चाप दाबल्यावर नळी फाटते. पुढचा हात नेमका तिथेच असतो. वीसची काडतुसं पिवळ्या रंगात येतात ती यासाठीच.

तशीच गोष्ट लांबीची. नळीवर चेंबरची लांबी कोरलेली असते: ६५, ७० किंवा ७६ मिमी. काडतुसावर छापलेली लांबी मात्र ते उडून उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे ७६ चं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि आपल्याला वाटतं चालतंय. बार उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा राहत नाही आणि दाब भलताच वाढतो. "बसतंय म्हणजे चालतंय" हा नियम बंदुकीत नाही. रायफलच्या बाबतीतही नाही: .२२ लाँग रायफलचं काडतूस .२२ मॅग्नमच्या चेंबरमध्ये शिरतं खरं, पण तिथे ते फाटतं.

आता यंत्रणा. मोडून भरायची बंदूक, मग ती एकनळी असो वा दुनळी, पहिली म्हणून मला सगळ्यांत पटते. मोडली की आत काडतूस आहे की नाही हे तुम्हालाही दिसतं आणि दहा पावलांवरच्या सोबत्यालाही. पंप स्वस्त आणि दणकट, पण मागे-पुढे ओढण्याची सवय हाडात मुरावी लागते. अर्धवट ओढला की अडकतो. अर्धस्वयंचलित शॉटगनचा धक्का मऊ असतो, मात्र तिची साफसफाई जास्त. पॉइंट टू-टूमध्ये बोल्टची घ्या, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर दांडा हाताने ओढायची. अर्धस्वयंचलित घेतलेला नवशिका पहिली गोळी निष्काळजीपणे मारतो, कारण मागे आणखी नऊ आहेत हे त्याला माहीत असतं.

## टप्पा ५: अंगाला बसते का

इथे वेळ घालवा. मागच्या चार टप्प्यांत चूक झाली तरी एखादा हंगाम निभतो. इथली चूक प्रत्येक बाराला दुखते.

आधी डोळा. दोन्ही हात पुढे लांब करून पंज्यांमध्ये छोटी त्रिकोणी फट करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरचा विजेचा खांब बघा. आता डावा डोळा मिटा. खांब जागेवरच असेल तर तुमचा उजवा डोळा प्रबळ. खांब नाहीसा झाला तर डावा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि असे लोक वर्षानुवर्षं "माझा नेम डावीकडे जातो" म्हणत बंदुका बदलत राहतात. नवशिक्याला यावर उत्तम तोडगा म्हणजे प्रबळ डोळ्याच्याच खांद्यावरून शिकणं. जमत नसेल तर चष्म्याच्या प्रबळ डोळ्यासमोरच्या काचेवर छोटा अर्धपारदर्शक तुकडा चिकटवा.

मग लांबी. चापापासून दस्त्याच्या (खांद्याला लावायच्या मागच्या भागाच्या) टाचेपर्यंतचं अंतर बहुतेक प्रौढांना साडेपस्तीस ते सदतीस सेंटिमीटर लागतं. दुकानात कोपराच्या आत दस्त्याची टाच टेकवून बोट चापापर्यंत पोचतं का हे बघतात. त्या चाचणीवर विसंबू नका. बंदूक प्रत्यक्ष खांद्याला लावा आणि मूठ धरलेल्या हाताचा अंगठा व नाक यांत किती जागा राहते ते बघा. दोन ते तीन बोटं हवीत. कमी असेल तर बार उडाल्यावर अंगठा नाकावर येईल. जास्त असेल तर खांद्याला लावताना टाच काखेत अडकेल. थंडीत जाड जाकीट घालणार असाल तर तेच घालून मापा.

मग खरी परीक्षा. बंदूक रिकामी आहे हे स्वतः उघडून बघा, दुकानदाराला दाखवा. समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेवर नजर ठेवा. डोळे मिटा. बंदूक उचलून सहज खांद्याला लावा, गाल टेकवा, आणि मग डोळे उघडा. नजर नळीवरच्या पट्टीवरून थेट पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या मण्यावर गेली पाहिजे. नळीचा मागचा भागच डोळ्यासमोर आला तर गाल टेकायची कडा तुम्हाला खाली पडते. पट्टी वरून लांबच लांब दिसली तर ती कडा उंच आहे. माशी डावी-उजवीकडे सरकलेली दिसली तर दस्त्याचा बाक तुमचा नाही. हे दहा वेळा करा. दहापैकी आठ वेळा मान न वाकवता माशी दिसते ती बंदूक बाजूला काढून ठेवा. हलत्या सावजावर नेम धरायला वेळ नसतो. बंदूक तुम्ही जिकडे बघता तिकडे आपसूक वळावी लागते.

शेवटी वजन. हलकी बंदूक हातात घेतली की मोह होतो. पण तेच काडतूस हलक्या बंदुकीतून जास्त लाथ मारतं. ३.३ किलोच्या ऐवजी २.७ किलोची घेतली तर धक्क्याची ऊर्जा साधारण पाचव्या हिश्श्याने वाढते.

माझी पहिली बंदूक अशीच होती. बारा बोअरची एकनळी, पिसासारखी हलकी, दस्ता बोटभर जास्त लांब, आणि वर फुल चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी घट्ट आवळ. मैदानात पंधरावा बार होईपर्यंत खांद्यावर कवडीएवढा निळा डाग उमटला होता. मी नंतर सलग पाच ससे हुकवले आणि दोष काडतुसांना दिला. शेवटी एका जुन्या नेमबाजाने माझ्या हातातून बंदूक घेतली, पाठ फिरवून भरली आणि परत दिली. मी नेम धरला, चाप दाबला. खट्. आत डमी काडतूस होतं. बार उडालाच नाही, तरी नळीचं तोंड चांगलं वीतभर खाली गेलं होतं आणि डोळे मिटले होते. तो काही बोलला नाही. नुसता हसला. दुसऱ्या महिन्यात मी ती बंदूक विकली.

## टप्पा ६: चोक आणि काडतूस

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला आवळ. तो छर्रे किती पसरायचे ते ठरवतो. प्रमाण मापाने ३६.५ मीटरवर, ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात फुल चोकमध्ये ७० टक्के छर्रे पडतात, मॉडिफाइडमध्ये ६०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमध्ये ५० आणि मोकळ्या नळीत ४०.

नवशिके फुल चोक घेतात, कारण "लांब मारते". पण तुमचे बहुतेक बार २५ मीटरच्या आत होणार. तिथे फुल चोकचे छर्रे जेमतेम अर्ध्या मीटरच्या आत असतात. हुकलं तर पूर्ण हुकतं, लागलं तर मांसात छर्रेच छर्रे. इम्प्रूव्ह्ड सिलिंडरने सुरुवात करा. चोक बदलता येणारी नळी मिळाली तर सोन्याहून पिवळं. दुनळी असेल तर पहिल्या बाराला मोकळी नळी, दुसऱ्याला आवळलेली.

पोलादी छर्रे शिशापेक्षा हलके आणि कडक असतात, म्हणून आकाराने दोन पायऱ्या मोठे घ्या (म्हणजे नंबराचा आकडा दोनने लहान) आणि आवळ कमी ठेवा. मॉडिफाइड चोकमधून पोलाद साधारण तसंच जातं जसं फुलमधून शिसं.

नंबरांबद्दल एक गोंधळ. अमेरिकेतला सहा नंबरचा छर्रा २.८ मिमीचा, ब्रिटनमधला सहा नंबर २.६ मिमीचा. खोक्यावरचे मिलिमीटर वाचा, नंबरावर जाऊ नका. ससा, तितर यांना अडीच ते पावणेतीन मिमी चालतं, लाव्यासारख्या लहान पक्ष्यांना त्याहून बारीक.

पॉइंट टू-टूसाठी नियम वेगळा. प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते, अगदी एकाच कारखान्यातून एका दिवशी निघालेल्या दोघींचीही. चार-पाच प्रकारची काडतुसं एकेक डबी घ्या, त्यातलं एक आवाजाच्या वेगाखालचं असू दे. ते हळू आवाजात जातं आणि ५० मीटरवर सशाला पुरेसं असतं.

## टप्पा ७: जुनी घेत असाल तर

पहिली बंदूक जुनी घ्यायला माझी ना नाही. उलट त्याच पैशात चांगली मिळते. फक्त हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नळी उजेडाकडे धरून मागून आत बघा. आतल्या चकाकीत गोल सावलीची कडी दिसली तर तिथे नळी फुगली आहे किंवा ठेचली आहे. बाहेरून बोट फिरवून खात्री करा. नळीच्या तोंडात चिखल, बर्फ किंवा अडकलेला डट्टा असताना बार काढला की असा फुगवटा येतो. अशी बंदूक फुकट मिळाली तरी नको.

मोडायच्या बंदुकीचा पुढचा लाकडी भाग काढा, बंद स्थितीत दस्ता धरून हलवा. सांध्यात खुळखुळ जाणवली तर ती सैल झाली आहे. स्क्रूंची डोकी चावल्यासारखी दिसत असतील तर कोणीतरी घरी उघडून "दुरुस्ती" केली आहे. चापाच्या मागे, मूठ जिथे पातळ होते तिथे लाकडात केसाएवढी चीर असते का ते नखाने तपासा. रायफलच्या नळीच्या तोंडाची आतली कडा ठेचलेली असेल तर नेम कधीच जमणार नाही.

नळीवर नागमोडी नक्षीसारखी वीण दिसली तर ती वळलेल्या पट्ट्यांची जुनी डमास्कस नळी असू शकते. जाणत्या बंदूक-कारागिराने पारखल्याशिवाय आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही.

तपासा: डमी काडतुसं घालून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, सेफ्टी लावून चाप दाबा. नंतर चाप सोडून सेफ्टी काढा. नुसती सेफ्टी काढल्यावर घोडा पडला तर ती बंदूक तिथेच ठेवा.

## टप्पा ८: दुर्बीण

शॉटगनला नको. रायफलला चौपट ठरावीक किंवा तीन ते नऊपट पुरते. फक्त पॉइंट टू-टूसाठी बनवलेलीच घ्या: तिची जुळणी ५० यार्डांच्या आसपासची असते, मोठ्या रायफलच्या दुर्बिणीची शंभरची. स्प्रिंग एअर रायफलसाठी दुहेरी धक्का सोसणारी दुर्बीण वेगळी मिळते. साधी लावली तर काही शे बारांत आतल्या तारा निखळतात.

## टप्पा ९: घरी आणल्यावर, शिकारीआधी

बंदुकीला ठेवलेल्या पैशांतले सगळे बंदुकीवर घालवू नका. तिसरा हिस्सा काडतुसं, कानाचं संरक्षण, चष्मा, गज आणि तेल यांना राखा. शॉटगनचा आवाज इतका मोठा असतो की उघड्या कानाने काढलेला एक बारही कायमचं नुकसान करू शकतो.

१. शॉटगन: कागदावर बार. मीटरभर लांब-रुंद कागद ३० मीटरवर लावा. मध्ये खूण करा, खुणेवर एक बार काढा, कागद बदला. असे पाच. मग छर्रे जिथे दाट पडलेत त्याच्याभोवती ७६ सेंटिमीटरचं वर्तुळ काढा आणि मोजा. सशासाठी १२० च्या आसपास छर्रे आत हवेत. त्याहून महत्त्वाचं, तळहाताएवढी मोकळी जागा कुठे राहिली आहे का बघा, आणि वर्तुळाचा मध्य खुणेवर आहे का तेही. पाचही कागदांवर मध्य एकाच बाजूला गेला असेल तर दस्ता जुळवून घ्यायला हवा, पाचव्या टप्प्यावर परत जा.

२. रायफल: जुळवणी. वाळूच्या पिशवीवर टेकवून आधी २५ मीटरवर तीन गोळ्या मारा. तिन्हींच्या मधल्या बिंदूवरून दुर्बीण सरकवा. एका गोळीवरून कधी सरकवू नका. मग ५० मीटरवर पक्की करा. हीच जुळणी ठेवून शंभर मीटरवर मारलं तर गोळी १५-२० सेंटिमीटर खाली पडेल, म्हणजे सशाच्या पायाशी. काडतूस बदललंत की पुन्हा जुळवा.

३. दचकण्याची चाचणी. सोबत्याला सांगून पाचात एखादं डमी काडतूस मिसळून घ्या, कितवं ते तुम्हाला माहीत नको. नळी खाली जात असेल तर सराव थांबवा, काडतूस हलकं करा, रबरी टाच लावा. जास्त बार काढून दचकणं जात नाही, वाढतं.

४. उभ्याने. टेकवून जमलेला नेम शेतात अर्धाच उरतो. उभ्याने, बसून, गुडघ्यावर आणि झाडाला रेलून मारा. पाचातल्या पाच गोळ्या चार सेंटिमीटरच्या वर्तुळात ज्या अंतरावर बसतात ते अंतर दस्त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. माझ्या ओळखीच्या एकाच्या चिकटपट्टीवर पहिल्या वर्षी "२२ मीटर" लिहिलेलं होतं. सगळे हसायचे. त्याने त्या वर्षी सहा बार काढले आणि सहा ससे आणले.